गुरुवारची गळती

नामाच्या जिपेचं तेल दर गुरुवारी गळायचं. बुधवारी नाही, शुक्रवारी नाही, गुरुवारीच. आता लोखंडाला वार कळतो का? पण पुढं पुढं नामा तेही मानायला लागला होता, म्हणजे बघा, माणूस किती टेकीला आला असेल.

जीप मुरबाडच्या एका धर्मादाय दवाखान्याची. लढाई संपल्यावर मिलिटरीनं लिलावात काढलेल्या गाड्यांतली एक. कुठल्या रानात कुठल्या सोल्जरच्या हाताखाली राबून आली होती, देव जाणे. दवाखान्याच्या डॉक्टर वत्सलाबाई तिच्यातून वाड्यापाड्यांवर फिरायच्या, रोज एका दिशेला, आणि गुरुवार किन्हवलीकडच्या वाड्यांचा. नामा डोंगराखालच्या गावचा, दुसऱ्यांच्या माळावर गवत कापत वाढलेला. बाईंनी त्याला तिथून उचलला, कल्याणच्या एका गॅरेजात शिकायला धाडला, लायसन काढून दिलं आणि जीप त्याच्या हाती दिली. तेव्हापासून नामाचा सकाळचा पहिला नमस्कार जिपेला असायचा आणि दुसरा बाईंना. बाईंना हे ठाऊक होतं. त्यांची काही तक्रार नव्हती.

नामाचं एकच वाईट. कुणी त्याचे उपकार मानायला लागलं की तो अंगावर पाल पडल्यासारखा उडायचा. 'माझं काय त्यात, गाडीनं आणलं,' म्हणून मोकळा. या सवयीनंच पुढचं सगळं रामायण घडवलं, पण ते त्याला तेव्हा कुठं माहीत?

झालं असं. मागच्या वैशाखात जीप कातकऱ्यांच्या वाडीवर पोचली, तर तिथं रडारड चाललेली. कोळशाच्या भट्टीसाठी रचलेला ओंडका गडगडला होता आणि पोश्याच्या मांडीवर येऊन बसला होता. बाईंनी जखम बांधली, नाडी पाहिली आणि म्हणाल्या, "नामा, मुरबाड. आत्ताच्या आत्ता." पोश्याला मागं आडवा घातला. त्याची बायको हिरी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. घरातनं निघताना बाईमाणूस काय काय घेईल? हिरीनं फक्त तेलाची बाटली घेतली होती. मोहाच्या बियांचं तेल, घाण्यावरनं काढून आणलेलं. नवऱ्याच्या अंगाला चोळायला होईल, एवढाच तिचा विचार.

काळू नदीच्या अलीकडं इंजिन खडखडायला लागलं. तेलाचा काटा खाली झुकला. नामानं गाडी थांबवून बॉनेट उघडलं, तर फिल्टरमधून तेल उडतंय! हा फिल्टर म्हणजे इंजिनाच्या अंगाला उभा बसवलेला लोखंडी डबा. इंजिनातलं तेल त्यात जाऊन, गाळून परत यायचं. डब्यावर झाकण, झाकणाच्या मधोमध लांब बोल्ट, आणि झाकण नि डबा यांच्यामध्ये पॅकिंगची गोल कडी. ती कडीच फाटली होती. तेल असं वाहून गेलं की इंजिनाचं लोखंड लोखंडावर घासतं आणि सगळा कारभार आटोपतो.

"किती वेळ?" बाईंनी विचारलं. त्यांचा हात पोश्याच्या मनगटावर होता.

नामा खाली बसला. पायातली वहाण काढली. झाकण चामड्यावर उलटं ठेवून दगडानं ठोकलं, म्हणजे कडेचा ठसा उमटला, आणि बाईंच्या चाकूनं त्या ठशावरून कडी कापली. बसली बरोबर! पण इंजिनातलं तेल तर रस्त्यानं सांडत आलेलं, आणि जिपेतला जादा तेलाचा डबा रिकामा. नामानं तो रिकामा डबा दोनदा हलवून बघितला. वेडा माणूस.

तेवढ्यात हिरीनं बाटली पुढं केली. "डायवरदादा, ह्ये चालंल का गाडीला?"

नामानं बाईंकडं बघितलं. बाई म्हणाल्या, "मला माणसाचं विचार. इंजिनाचं तुझं तू बघ."

ओतलं त्यानं. बाटली पार निथळेपर्यंत ओतलं. आणि ती म्हातारी जीप मोहाचं तेल पिऊन हळूहळू, बैलाच्या चालीनं, पण मुरबाडला पोचली! पोश्याचा पाय राहिला. लंगडतो थोडा, पण स्वतःच्या पायानं लंगडतो.

बरा होऊन तो वाडीवर परतला, त्या दिवशी हिरी नामाच्या पायाशी वाकली. नामा टुणकन मागं सरला. "अगो, माझ्या नको, माझ्या नको! पडायचंच तर ह्याच्या पड." आणि बॉनेट उघडून त्यानं फिल्टरचा डबा दाखवला. काळाकुळकुळीत, उभा, डोक्यावर गोल झाकण. "ह्याच्या पोटात तेल राह्यलं म्हणून तुझा माणूस राह्यला. हा कोरडा पडला का सगळं मेलं, ध्यानात ठेव." एवढं बोलून, सुटलो एकदाचा, म्हणून तो औषधाची पेटी उचलून पळाला.

हिरीनं ध्यानात ठेवलं.

पावसाळ्यात जीप त्या बाजूला जात नसे. गाडीवाटेचा चिखल व्हायचा. दसरा झाला, वाटा सुकल्या, फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या, आणि सुरू झाली ती गळती. गुरुवारी संध्याकाळी मुरबाडला येऊन बॉनेट उघडावं, तर फिल्टर माथ्यापासून बुडापर्यंत तेलानं चपचपीत. खालच्या तापल्या नळीवर थेंब पडून धूर. बाई खोकायच्या. नामा पुसून काढायचा, पॅकिंग बदलायचा, बोल्ट आवळायचा. शुक्रवारी कोरडं, शनिवारी कोरडं, बुधवारपर्यंत ठणठणीत. गुरुवारी पुन्हा आहेच! कॉर्कचं पॅकिंग झालं, रबराचं झालं. बोल्ट आधी हातानं आवळला, मग दोन्ही हातांनी, मग पान्यावर पाय ठेवून. हा रस्ताच खडकाळ, हादऱ्यानं गळतंय, असं त्यानं स्वतःला समजावलं. परतताना त्याला हमखास भजी तळल्याचा वास यायचा आणि भूक लागायची. कुठल्या घरात तळतायत म्हणून तो रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघायचा. रानात कोण भजी तळणार? पण भुकेल्या माणसाला एवढं कुठं सुचतं.

धुराची गोष्ट संस्थेच्या मंडळींच्या कानावर गेली. एका गुरुवारी फेरीवरून परतल्याबरोबर बाईंनी नामाला आत बोलावलं. चेहरा उतरलेला.

"नामा, ते म्हणतायत, धूर येणाऱ्या गाडीत आम्ही डॉक्टर बसवणार नाही. उद्या पेटली म्हणजे? गळती थांबत नसेल तर जीप विकून टाका, आणि पेशंटला मुरबाडला येऊ दे."

"वाडीवरनं कोण येतो बाई मुरबाडला?"

"खांद्यावर येतात," बाई म्हणाल्या. "आणि उशिरा येतात. मला सांगतोस?" मग म्हणाल्या, "कल्याणचे अनंता मिस्त्री पुढच्या गुरुवारी आपल्याबरोबर फिरणार आहेत. ते काय सांगतील ते शेवटचं."

 नामाची नोकरी जाणार हे होतंच. पण बाईंचं फिरणं बंद होणार, आणि तेही त्याला एक बोल्ट आवळता येत नाही म्हणून! त्या रागात त्यानं शुक्रवारी पाना घेतला आणि बुधवारपर्यंत रोज त्या बोल्टावर चढला. इतका, की पाना कुरकुरला.

आता मधली एक गंमत सांगायची राहिली, आणि ती महत्त्वाची आहे. त्याच शुक्रवारच्या सकाळची. आदल्या दिवशी बाईंचं बोलणं ऐकून नामा इतका वैतागला होता की त्यानं संध्याकाळी बॉनेट उघडलंच नाही. गळतंय तर गळू दे मेलं, म्हणून घरी गेला. रात्री थंडी मरणाची पडली. सकाळी उघडून बघतो तर फिल्टरवर पिवळट पांढरा थर, तुपासारखा थिजलेला. त्यानं नखानं खरवडला, नाकाशी नेला.

मोहाचं तेल!

इंजिनाचं तेल काळं असतं आणि थंडीत असं गोठत नाही. हे वरून लावलेलं होतं. बाहेरून. कुणीतरी. भज्यांचा वास, गुरुवार, वाडी, हिरी, सगळं त्याच्या डोक्यात एकदम आलं, आणि तो जिपेच्या मडगार्डावर मटकन बसला. आधी त्याला हसू आलं. मग संताप आला. दसऱ्यापासून मी इथं रक्त आटवतोय आणि ह्या बाया माझ्या इंजिनाला तेल माखतायत? बाईंना सांगावं असं मनात आलं, पण आधी हिरीला हातोहात पकडायची असं त्यानं ठरवलं. आणि बोल्टाचं म्हणाल तर, आवळलेला बरा, मिस्त्री येतोय, म्हणून आवळणं काही त्यानं सोडलं नाही. नडला तो तिथं.

गुरुवार उजाडला. अनंता मिस्त्री म्हणजे खाकी कपड्यातला, तोंडात पान असलेला, कमी बोलणारा माणूस. वाटेत तो बोलला एकदाच, "पहिला गिअर हळू टाक रे, तिचं वय बघ."

वाडीवर पोचल्यावर बाई चिंचेखाली उतरल्या. एरवी नामा त्यांच्यामागं पेटी घेऊन घरोघर फिरायचा आणि जीप एकटी उभी असायची. आज पेटी वाडीतल्याच एका पोराच्या बापानं उचलली आणि नामा करवंदीच्या जाळीआड दबा धरून बसला. थोड्या वेळानं हिरी आली. हातात पानाचा द्रोण, त्यात तेल. मागं शेजारची ठकू नि आणखी दोघी, त्यांच्याही हातात द्रोण. हिरीनं बॉनेटची कडी अशी सफाईनं उघडली, जणू गॅरेजात शिकून आली होती.

"थांब!" नामा जाळीतून बाहेर पडला. "थांब गो! अगो माझी नोकरी खाल्लीत तुमी! तेल गळतंय, गळतंय म्हणून मी मरतोय, आणि तुमी हितं अभ्यंग घालताय? ह्या तुमच्या तेलापायी गाडी विकायला निघालीय! बाईंचं येणं बंद होतंय, कळतंय का काय?"

बाया दचकून मागं झाल्या. हिरीचा द्रोण हिंदकळला. पण ती पळाली नाही.

"तुमीच सांगितलंव, दादा. ह्यो कोरडा पडला का सगळं मेलं. माझा माणूस ह्येनं आणला. ठकूचं पोर ह्येनं आणलं. मग ह्याला कोरडा ठेवू आमी? आन आमचं तेल पितो की ह्यो. मी बघितलंय."

  तिच्या डोळ्यांदेखत नामानंच बाटली ओतली होती.

आरडाओरडा ऐकून अनंता मिस्त्री आला, बाई आल्या. नामानं सगळं सांगून टाकलं. थिजलेलं तेल, भज्यांचा वास, काही ठेवलं नाही. बाईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की काय ते कळेना.

"म्हणजे गळती नव्हतीच!" नामा म्हणाला. "बघा मिस्त्री, हात लावा. आज तेल लावायच्या आत धरलीय मी त्यांना. कोरडा असणार."

मिस्त्रीनं चिंधी घेतली, झाकणाच्या कडेनं फिरवली आणि नामासमोर धरली. काळी. चकचकीत काळी.

"ह्ये मोहाचं नाय," मिस्त्री म्हणाला. "ह्ये आतलं हाय."

 मिस्त्रीनं वाकून बघितलं, बोल्टावर बोट ठेवलं. "कुणी आवळला?"

"मी."

"कशानं?"

"पान्यावर पाय देऊन."

"हं. मधी दाबलंस, कडा वर उचलल्या. झाकण वाकलंय. गाडीला रोग नव्हता रे बाबा. तुझ्या औषधानं झाला."

 मघाशी ज्या बायांवर नामा एवढा तोंड टाकून ओरडला होता, त्या तिथंच उभ्या होत्या. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. गाडी विकायला लावणारी गळती आता खरीखुरी होती आणि ती त्यानं स्वतःच्या पायानं केली होती.

"दुसरं झाकण?" बाईंनी विचारलं.

"कल्याणला मिळंल का नाय, सांगता येत नाय. जुना माल." मिस्त्रीनं पानाची पिंक टाकली. "हेच सरळ करायला पायजे. सपाट दगड हवा. पण पार सपाट."

हिरी मुकाट्यानं घरात गेली आणि कमरेवर पाटा घेऊन आली. ठकूनं मुसळ आणलं. कुणी सांगितलं नव्हतं. ज्या माणसानं आत्ता त्यांना शिव्या घातल्या, त्याच्यासाठी आणलं!

मिस्त्रीनं पाट्यावर हात फिरवून बघितला. "चुलीची काजळी आणा गो." काजळी पाट्यावर फासली, त्यावर झाकण ठेवून हलकेच फिरवलं आणि उलटं करून दाखवलं. कडेला काळं लागलं होतं ते तुटक तुटक. "जितं काळं लागलं तितं टेकतंय. जितं नाय, तितनं तेल पळतंय. आता ठोक. मुसळानं. लोखंडाचा हातोडा नको, आणि तुझा पाय तर नकोच."

नामा ठोकायला बसला. हिरी झाकण धरून. ठोकायचं, पुसायचं, काजळीवर फिरवायचं, बघायचं. कुठं जास्त ठोकलं गेलं तर पुन्हा उलटं ठोकायचं. पोश्या लंगडत येऊन शेजारी टेकला आणि "हितं राह्यलं, हितं राह्यलं," म्हणून बोट दाखवायला लागला. सगळी वाडी भोवती. घामानं नामाचा सदरा पाठीला चिकटला. उन्हं कलायला आली तेव्हा एकदा झाकण उलटं केलं, आणि कडेला काळं वर्तुळ उमटलं, सलग, कुठंही न तुटलेलं. पोरांनी ओरडा केला.

नवी कडी बसवली, झाकण ठेवलं, बोल्ट घातला. "हातानं," मिस्त्री म्हणाला. "हाताला जाईल तितका. आता पान्यानं इवलुसा. बास. बास म्हटलं ना!" त्यानं नामाच्या मनगटावर चापट मारली. बरोबर आणलेलं तेल ओतलं, बाईंनी दिलेली पांढरी पट्टी झाकणाच्या कडेला गुंडाळली आणि जीप सुरू केली. नामा ती टेकडीपर्यंत चढवून, उतरवून घेऊन आला. बॉनेट उघडलं. पट्टी मिस्त्रीनंच सोडली, उजेडात धरली, दोन्ही बाजू बघितल्या आणि बाईंच्या हातात दिली.

पांढरी होती.

"संस्थेला काय सांगू?" बाईंनी विचारलं.

"सांगा, गाडी चांगलीय. चालू द्या. फक्त ड्रायव्हरचा पाना कुलपात ठेवा."

सगळे हसले. नामा हसला नाही.  तो हिरीकडं वळला. "हिरे, मी उगाच बोललो गो तुला. लई वंगाळ बोललो. तुमी नसता तर आज गाडी गेली असती."

"माझं काय त्यात," हिरी म्हणाली. "पाट्यानं केलं."

 तिनं काही टोमणा मारला नव्हता, तिला खरंच तसं वाटत होतं. हातातला द्रोण तिनं अजून ठेवला नव्हता. इतका वेळ कडेला जपून ठेवून आता परत घेतला होता, आणि जिपेकडं बघत अवघडून उभी होती. "आता ह्येला लावायचं नाय म्हणता. मग ह्ये कुठं लावू?"

त्या मुलखात नामाच्या गावची माणसं कातकऱ्याच्या हातचं पाणी घेत नसत. नामानंही आजवर घेतलं नव्हतं. त्याचा लोटा जिपेत असायचा. ते हिरीलाही ठाऊक होतं, वाडीलाही, आणि कुणाला त्याचं नवलही नव्हतं.

नामानं टोपी काढली. जिपेच्या पुढच्या बंपरवर बसला आणि मान खाली घातली.

"लाव," तो म्हणाला.

हिरी जागची हलेना. तिनं पोश्याकडं बघितलं, बाईंकडं बघितलं. मग पुढं झाली आणि द्रोणातलं तेल नामाच्या टाळूवर ओतून तळहातानं जिरवायला लागली. हात खरखरीत होता, वर काजळीचा. आई गेल्यापासून नामाच्या डोक्याला कुणी तेल लावलं नव्हतं. त्यानं उडायचा प्रयत्न केला नाही. डोळ्यांतलं पाणी नाकावरून ओघळलं तेही पुसलं नाही.

"काय येड्या बाया तरी आमी," हिरी त्याच्या डोक्यावर थापटत म्हणाली, आणि या वेळी ती त्याला 'तुमी' म्हणायचं विसरली. "इतके दिस लोखंडाला पाजलं. नीट बस रे दादा, हलू नको. पार कोरडी पडलीय टाळू तुझी."